मलिद्याचं ताट, एलियाहूची वाट

नाव ऐकून माणसं धर्माचा अंदाज बांधतात, आडनाव ऐकून गावाचा. आमच्या लोकांची नावं सॅम्युअल, हन्ना, अब्राहम आणि आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर. त्यामुळे समोरच्याचे दोन्ही अंदाज एकमेकांवर आपटतात. खडवलीला राहायला आलो तेव्हा दूधवाल्यानं विचारलं, “ख्रिश्चन का काका?” नाही म्हटलं. “मग मुसलमान?” तेही नाही म्हटल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, “मग आपलेच की!” यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, त्यांची आम्ही लेकरं, असं आमची परंपरा सांगते. कुलाबा जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी बैल मोकळे ठेवले, म्हणून गावांनी आम्हाला शनवार तेली म्हटलं. पुढे पलटण, रेल्वे, पोस्ट, शाळा. मी रेल्वेतला. कल्याणच्या क्वार्टर्समध्ये संसार झाला आणि निवृत्तीनंतर टिटवाळ्याच्या पुढचं स्टेशन गाठलं. कुणी विचारलं तर भातसा नदीचं आणि झाडांचं नाव सांगतो. खरं कारण जागेचे भाव.

रिकामा माणूस आठवणी काढतो, नाहीतर दुखणी. मी तिसरंच काही काढून बसलो. दिवसातून तीनदा (हे पुस्तकात, माझ्या बाबतीत जमेल तेव्हा) जी सुटकेची प्रार्थना म्हणत आलो, ती मी नेमकी कशासाठी म्हणतो? मी कुणी रब्बी नाही. हिब्रू धडाधडा वाचतो आणि त्यातलं निम्मं मला कळत नाही. तेव्हा पुढचं सगळं गॅलरीत खुर्ची टाकून बसणाऱ्या माणसाचं आहे, एवढं धरून वाचावं.

१. सुटका मागायला कैदेत असावं लागत नाही. आमिदा नावाची आमची मुख्य प्रार्थना उभं राहून म्हणतात. तिच्यात तारणारा मागितला आहे, चारी दिशांना पांगलेली माणसं गोळा व्हावीत असं मागितलं आहे, जेरुसलेम पुन्हा उभं राहावं आणि दावीद राजाचा वंश पुन्हा फुलावा असंही मागितलं आहे. युरोपातल्या यहुद्यांनी हे मागावं, ते समजतं. त्यांची घरं जाळली जात होती, गावंच्या गावं हुसकली जात होती. पण आमच्या पूर्वजांना या किनाऱ्यावर कुणी बोट लावलं नाही. एकीकडे तुळशीवृंदावन, दुसरीकडे दर्गा, मागे नारळाची वाडी. मागायचं तर चांगला भाव आणि वेळेवर पाऊस. गंमत अशी की पुष्कळ शतकं आमच्या लोकांना देव एकच असं सांगणारा ‘शेमा’ तेवढा आठवत होता. बाकीच्या प्रार्थना कोचीहून आलेल्या शिक्षकांनी मागाहून शिकवल्या. म्हणजे तुम्ही परागंदा आहात आणि तुम्हाला सुटायचं आहे, हेसुद्धा आम्हाला कुणीतरी येऊन सांगावं लागलं!

लहानपणी मी आजीला विचारलं होतं, “आजी, आपल्याला कुणी कोंडून ठेवलंय?” ती पाट्यावर वाटण वाटत होती. म्हणाली, “महिनाअखेर आहे, तुझ्या बापाला विचार.” या उत्तरावर घरात बरीच वर्षं हसत होतो. मग कधीतरी वाचनात आलं की अकराव्या शतकातला फ्रान्समधला मोठा भाष्यकार राशी यानं आमिदातल्या सुटकेच्या आशीर्वादाचा अर्थ असाच लावला आहे. हा आशीर्वाद शेवटच्या महामुक्तीचा नव्हे. रोज अंगावर येणाऱ्या अडचणींतून सोडवण्याचा. महामुक्तीसाठी पुढे वेगळे आशीर्वाद आहेतच. आजीनं राशी वाचला नव्हता. तिला फक्त वाण्याची वही ठाऊक होती.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच काळानं दिसली. या प्रार्थनेत ‘मला’ जवळजवळ नाहीच, सगळीकडे ‘आम्हाला’ आहे. नवगावचा किंवा रेवदंड्याचा एखादा सुखवस्तू तेली जेव्हा ‘आम्हाला सोडव’ म्हणत होता, तेव्हा ज्यांची नावंही त्याला माहीत नव्हती अशा कुठल्या कुठल्या माणसांच्या वतीनं तो बोलत होता. त्याला स्वतःला सुटायची घाई नव्हती, म्हणून कदाचित ते मागणं जास्त निर्मळही असेल. मला मात्र अशी निर्मळ प्रार्थना कधी जमली नाही. मी मधेच बढतीचं घुसवायचो.

२. जगाच्या उद्धाराची वर्दी द्यायला येणारा माणूस आमच्याकडे सोयरीक, नोकरी आणि घराचा ताबा ही खातीही सांभाळतो. त्याचं नाव एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा. तो मेला नाही, अग्निरथातून वर गेला, आणि मसीहा यायच्या आधी हाच पुढे येऊन सांगणार, ही जगभरच्या यहुद्यांची श्रद्धा. सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी खुर्ची मांडतात. कोकणात तो आणखी एका कामासाठी येऊन गेला असं आम्ही मानतो. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. त्याच्यावर त्याच्या रथाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा दाखवतात. शेवाट महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे आपल्या जानेवारी-फेब्रुवारीत, जो सण येतो त्याला जुनी माणसं एलियाहूचा उरूस म्हणत.

नवस फेडायचा तर मलिदा. पोहे भिजवायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, काजू-बदाम. ताटात पोह्यांची रास, भोवती फळं, सुवासाला गुलाब नाहीतर सब्जा. एलियाहूचं गीत म्हणायचं, एकेका जिनसेवर तिचा तिचा आशीर्वाद म्हणायचा आणि मग वाटायचं. लग्नाआधी मलिदा, बाळ झालं की मलिदा, आजारातून उठला की मलिदा, परदेशाचा व्हिसा मिळाला की मलिदा. आमच्या घरातल्या नवसांची यादी मी एकदा मनात केली. मुलाची बारावी, बायकोचं पित्ताशय, भाच्याची बदली, खडवलीच्या जागेचं रजिस्ट्रेशन. जगाच्या उद्धारासाठी कुणीही मलिदा केलेला मला आठवत नाही. एवढा मोठा अधिकारी आणि आम्ही त्याला शिपायाची कामं सांगतो, याची मला थोडी लाज वाटली. तसं बोलून दाखवल्यावर आमची ही म्हणाली, “मोठ्या कामाला बोलवायचं तर आधी ओळख नको का ठेवायला?”

यहुदी धर्मशास्त्राचे ग्रंथ मी फारसे वाचलेले नाहीत. पण या वाक्याच्या पुढे त्यातला एखादा गेला असेल असं वाटत नाही.

३. शोकाच्या दिवसाचा स्वयंपाक आदल्या दिवशीच सुरू करावा लागतो. आव महिन्याच्या नवमीला जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा आम्ही कडक उपास करतो. पहिलं मंदिर बाबिलोनच्या लोकांनी पाडलं, दुसरं रोमन लोकांनी इसवी सन ७० मध्ये. आमच्या परंपरेनं सांगितलेला काळ खरा धरला तर हे दुसरं मंदिर पडलं तेव्हा आमचे पूर्वज केव्हाच नवगावला लागलेले होते. बातमी कळायलाच आम्हाला शतकं लागली असणार. तरी रडायला आम्ही कमी केलं नाही. कोकणात या सणाचं नाव बिरड्याचा सण, कारण उपास बिरड्यानं सोडायचा. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. म्हणजे जमिनीवर बसून नासधुशीचं वाचन चाललेलं असतं आणि आत फडक्यात वालाला मोड येत असतात. ज्या दिवशी मंदिर पडलं त्याच दिवशी मसीहाचा जन्म होतो असंही जुने लोक सांगून गेलेत. मला त्यातलं गूढ कळत नाही. उपाशी पोटी वाल सोलताना मात्र ते पटायला लागतं, कारण त्या वेळी माणसाचं अर्धं लक्ष जेवणाकडे असतं.

४. ‘देव करील’ या म्हणण्यात आळस असतो तेवढाच धीरही असतो, आणि दोन्हींचा चेहरा सारखाच दिसतो. १८९७ साली स्वित्झर्लंडातल्या बाझलला पहिली झिओनिस्ट परिषद भरली. यहुद्यांना स्वतःचा देश मिळवायचा तर आपणच हातपाय हलवले पाहिजेत, असं म्हणणाऱ्यांची ती परिषद. मुंबईच्या बेने इस्राएलांनाही निमंत्रण होतं. आमच्या मंडळींनी ते नाकारलं. कारण काय दिलं? आम्ही झिओनला परत जाण्यासाठी दैवी हाताची वाट पाहत आहोत. हे उत्तर मला फार आवडतं. काळ प्लेगचा, साथीनं मुंबई ओस पडत चाललेली, आणि इथे कुणीतरी टेबलाशी बसून स्वच्छ अक्षरात लिहितो आहे, की आभारी आहोत, पण आम्ही थांबतो.

पन्नास वर्षांनी चित्र उलटलं. १९४८ साली इस्राएल देश झाला आणि थांबणाऱ्यांनीच बोचकी बांधली. त्या सुमारास वीसेक हजारांचा असलेला हा समाज. आज भारतात यहुदी पाच हजारही उरले नाहीत, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात. आमच्या घरातही फाटा फुटला. वडील थोरले, ते १८९७ च्या पत्रावर ठाम. देव नेईल तेव्हा जाऊ. धाकट्या काकानं नाव नोंदवलं. दोघांत बोलाचाली झाली तेव्हा काका एवढंच म्हणाला, “दादा, तिकिटाच्या खिडकीतून बाहेर येणारा हात कुणाचा आहे असं तुला वाटतं?” वडील रेल्वेतलेच. ते म्हणाले, “बुकिंग क्लार्कचा.” ही हकीकत घरात दोन पद्धतींनी सांगितली जाते. आमच्याकडे वडील जिंकतात, तिकडे काका.

५. पोचलेल्या माणसाचीही प्रार्थना तीच राहते. हे मी काकाच्या पत्रांतून शिकलो. काका दिमोनाला राहिला. नेगेवच्या वाळवंटात १९५५ साली वसवलेलं गाव, कापडगिरण्या, चारी बाजूंनी वाळू. ज्या देशासाठी दोन हजार वर्षं रोज हात जोडले, त्या देशातून आलेल्या पहिल्या पत्रात त्यानं आमसुलं मागवली होती. मसीहाबद्दल अक्षर नाही. दुसऱ्या पत्रात म्हणे, इथे शनिवार आपोआप शनिवार असतो, मुद्दाम पाळावा लागत नाही, त्यामुळे चुकल्याचुकल्यासारखं होतं. आम्ही हसलो. त्यानं काय लिहिलंय ते आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं.

बेने इस्राएलांना तिथे सगळंच काही हार घालून मिळालं नाही. १९६२ साली मुख्य रब्बींच्या पीठानं सूचना काढली की यांच्याशी लग्न लावण्यापूर्वी यांची वंशावळ मागपर्यंत तपासावी. शनिवारचा घाणा बंद ठेवल्यामुळे ज्यांना गावानं शतकानुशतकं ओळखलं, त्यांनाच आता पुरावा आणायला सांगितला. आमच्या लोकांनी धरणं धरलं, संप केला. हे मात्र ते महाराष्ट्रातून शिकून गेले होते! प्रकरण संसदेपर्यंत गेलं आणि १९६४ मध्ये त्या सूचनेतून बेने इस्राएलांचं नाव निघालं.

वल्हांडणाच्या रात्री हग्गादा, म्हणजे मिसर देशातल्या सुटकेची पोथी, वाचून संपली की पुढच्या वर्षी जेरुसलेमात असू, अशा अर्थाचं वाक्य म्हणतात. पुण्यात १८७४ साली छापलेली मराठी-हिब्रू हग्गादा आहे, तिच्यातून किती घरांनी हे वाक्य म्हटलं असेल! दिमोनाहून जेरुसलेमला बसनं जाता येतं. मग तिथले लोक ते वाक्य गाळतात का? नाही. ते म्हणतात पुढच्या वर्षी पुन्हा बांधलेल्या जेरुसलेमात. म्हणजे एक विशेषण वाढलं आणि वाट पाहणं चालू राहिलं. याचा मला आधी राग आला होता, मग हायसं वाटलं. काका अखेरपर्यंत ते वाक्य म्हणत होता. त्याच वेळी तिथे निघणारं ‘मायबोली’ हे मराठी त्रैमासिकही वाचत होता.

६. हिशेब मांडू नये. आमच्या डब्यातला एक जुना सोबती मला दर पावसाळ्यात विचारायचा, “काय, तुमचा मसीहा म्हणजे कसारा लोकलच झाली की! येणार येणार म्हणतात आणि इंडिकेटर रिकामा.” उपमा चांगली आहे, पण एका जागी अडते. लोकलला वेळापत्रक असतं, म्हणून ती चुकल्यावर शिव्या देता येतात. तालमूद या आमच्या धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथानं मसीहाचं वेळापत्रक मांडणाऱ्यांनाच शाप देऊन ठेवला आहे. कारण साधं आहे. तुम्ही तारीख सांगणार, ती टळणार, आणि लोक म्हणणार, आता येतच नाही. हा शाप उगाच नव्हता. १६६६ साली शब्बेताई झ्वी नावाच्या तुर्कस्तानातल्या माणसाला अर्ध्या यहुदी जगानं मसीहा मानलं, लोकांनी घरंदारं विकली, आणि सुलतानानं बोलावल्यावर या गृहस्थांनी धर्म बदलून जीव वाचवला. रेल्वेच्या नोकरीत मी जन्मभर वेळापत्रकं हाताळली. तारीख न सांगता येणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवायचा तर मला अजून अंगात कसंतरी होतं.

७. कोण कुणाची वाट पाहतंय, हे वाटतं तितकं सरळ नाही. आमच्या शेजारचे बुवा वारकरी. आषाढीची वारी करून आले की प्रसाद घेऊन येतात आणि पाच मिनिटं म्हणून तासभर बसतात. एकदा आमच्या उपासाचं कारण विचारलं. मी मंदिर, नासधूस, मसीहा, सगळं सांगितलं. बुवांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे तुमच्यात भक्त देवाची वाट बघतो. आमच्यात देव विटेवर उभा राहून भक्ताची वाट बघतो.” त्यांनी काही वाद म्हणून हे म्हटलं नव्हतं. चहाच्या घोटांमधे सहज. पण मला रात्री झोप लागली नाही. एवढ्या वर्षांत आपण चुकीच्या बाकावर बसून तर राहिलो नाही ना?

मग तालमूदातली एक गोष्ट आठवली, लहानपणी प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानांनी सांगितलेली. रब्बी यहोशुआ बेन लेवी एलियाहूला विचारतो, मसीहा कधी येणार? एलियाहू म्हणतो, त्यालाच जाऊन विचार की. रोमच्या वेशीपाशी बसलाय, महारोग्यांमध्ये. पण ओळखायचा कसा? तिथले सगळे जण जखमांच्या पट्ट्या एकदम सोडतात आणि मग एकदम बांधतात. तो एक सोडतो, एक बांधतो, मग दुसरी. कारण बोलावणं आलं तर तेवढ्यानंही उशीर व्हायला नको. रब्बी गेला. विचारलं, केव्हा येणार? उत्तर मिळालं, आज. दिवस मावळला, कुणी आलं नाही. रब्बीनं परत येऊन एलियाहूकडे तक्रार केली, खोटं बोलला तो माझ्याशी! एलियाहूनं समजावलं की आज म्हणजे आजच, पण तुम्ही देवाचं ऐकाल तर.

ही गोष्ट मला पाठ होती आणि तरी त्यातली मुख्य गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. तोही बसलेला आहे. रोगट माणसांत, वेशीबाहेर, एका हातात सुटलेली पट्टी धरून, बोलावणं यायची वाट पाहत. दुसऱ्या दिवशी बुवांना मी ही सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्याला बसायला वीट तरी द्यायची.” बुवांशी बोलण्यात ही एक अडचण आहे. शेवटचा शब्द त्यांचा असतो.

तसा हा शेजार जुनाच आहे. १८८० च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्राएलांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं होतं. मोशे, योसेफ, अब्राहम यांची आख्यानं मराठी कीर्तनाच्या ढंगात लावली होती. मिसर देशातून सुटका साकी-दिंडीत! माझ्या आईला त्यातली काही पदं येत होती आणि तिला ती कायम भजनी ठेक्यात म्हणावीशी वाटत.

८. मसीहा आला तरी हातातलं काम आधी उरकायचं असतं. जेरुसलेम पडल्यानंतरच्या काळात यहुदी शिकवणीचा धागा जोडून ठेवणारे रब्बी योहानान बेन झक्काई. त्यांच्या नावावर एक सल्ला सांगतात. तुमच्या हातात रोप असेल आणि कुणी ओरडत आलं की चला, मसीहा आला, तर आधी रोप लावा आणि मग त्याच्या स्वागताला जा. ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी सगळं जळताना पाहिलं त्या माणसाचा हा सल्ला आहे, म्हणून मी तो मानतो. खडवलीला आल्यावर पहिल्या पावसात जांभळाचं रोप लावलं तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याला हे सांगितलं. तो चिखलात उभा राहून आवण लावत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, “मग काका, भाताची लावणी असेल तर? चार दिवस थांबतो का तो?” तालमूदात चर्चेला घेण्यासारखा प्रश्न आहे. मी विचार करतो म्हटलं.

९. आशा एकट्यानं धरता येते, पण मोठ्यानं म्हणायला दहा जण लागतात. हे मला वडील गेल्यावर समजलं. आमच्यात मेलेल्या माणसासाठी कद्दीश म्हणतात आणि आईवडिलांसाठी ती अकरा महिने म्हणायची रीत आहे. दहा प्रौढ पुरुष जमले नाहीत, मिनयान झाली नाही, तर कद्दीश म्हणता येत नाही. जवळची मशीद म्हणजे ठाण्याची. सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो, आणि मुंबईची सर्वांत जुनी, सॅम्युअल दिवेकरांनी १७९६ साली बांधलेली मशीदही आमच्या बोलण्यात जुनी मशीदच. ठाण्याच्या शार हाशमाइमची स्थापना १८७९ ची. सिव्हिल हॉस्पिटलच्या जवळ, टेंभी नाक्याच्या गजबजाटात. आत गेलं की बाहेरच्या रिक्षांचा आवाज येत राहतोच, पण हेखालाकडे, म्हणजे धर्मग्रंथाच्या कपाटाकडे, तोंड करून उभं राहिलं की पश्चिमेला भिंत असते, भिंतीपलीकडे डोंगर, समुद्र आणि पुढचं सगळं.

कद्दीश अरमाईक भाषेतली. मी पहिले काही आठवडे ती अक्षरं लावून म्हणत होतो आणि मनात वडिलांचा चेहरा आणत होतो. मग तिचा मराठी अर्थ वाचला. गेल्या शतकाच्या आधी जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या माणसांनी आमची प्रार्थनापुस्तकं मराठीत आणून ठेवली नसती तर माझ्यासारख्यांचं कठीण होतं. अर्थ वाचून मी चक्रावलो. त्यात मृत्यू नाही. वडील नाहीत. मेलेल्याच्या आत्म्याला शांती वगैरे काही नाही. देवाचं नाव मोठं व्हावं, त्याचं राज्य यावं, तारण उगवावं आणि त्याचा मसीहा जवळ यावा, तेही तुमच्या हयातीत, तुमच्या डोळ्यांदेखत, लवकर. आमच्या पठणात हे स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे ज्याचा बाप नुकताच पुरला आहे त्याला उभं करून सगळ्यांसमोर म्हणायला लावतात की जग सुधारणार आहे आणि आपण ते बघणार आहोत. ज्याला हे सगळ्यात कमी खरं वाटतंय त्यालाच. बाकीचे नऊ जण आमेन म्हणतात. मला पहिल्यांदा हा क्रूरपणा वाटला. नंतर वाटू लागलं की ज्याला बोलायचं बळ नाही त्याच्या तोंडी शब्द देऊन नऊ जण त्याला दोन्ही बाजूंनी धरून उभं करतात. अजूनही मी या दोन मतांमध्ये हेलकावे खातो. ‘देव नेईल तेव्हा जाऊ’ म्हणणाऱ्या माझ्या वडिलांसाठी मी हे म्हणत होतो, यात काही विनोद होता का, तेही ठरवता आलेलं नाही.

सवय लागली म्हणून ते महिने सरल्यावरही मी जात राहिलो. आता दुसऱ्या कुणाचे वडील असतात. आठवड्यातल्या संध्याकाळी नऊ जण जमून बसलेत, असं पुष्कळदा होतं. पूर्वी बाहेर डोकावलं तर दहावा मिळायचा. आता तो घोडबंदर रोडला राहतो. मग हज्जान फोन लावतात. पलीकडून “पाच मिनिटांत पोचतो” येतं, आणि घोडबंदरवरून पाच मिनिटांत कोण पोचलंय? तोपर्यंत कुणी गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगतो, कुणी अश्दोदच्या मुलीचं, कुणी राज्य सरकारनं २०१६ मध्ये आम्हाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला त्याचा कुठल्या फॉर्मात उपयोग होतो याचं. ज्याचे वडील गेलेत तो कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलेला असतो, पान मात्र उलटत नाही. शेवटी दार वाजतं. हेल्मेट काखेत, शर्ट भिजलेला, पोरगा आत येतो. “आला रे!” असं आठ तोंडांतून निघतं आणि नववे हज्जान त्याला झापतात, की एवढा उशीर? टोपी कुठाय? पुसून घे डोकं आणि उभा राहा लवकर, याची गाडी आहे.

‘याची’ म्हणजे माझी. शेवटच्या काही कसाऱ्यांपैकी एक.